लाल म्हणणारा आणि हिरवा म्हणणारा

स्वरूपाला एखादी गोष्ट पटली नाही की ती भांडत नाही, आवाज चढवत नाही. तिथेच बसून राहते. लग्न होऊन औशाहून रहाटणीला आली त्या वर्षी गॅस एजन्सीवाला तिला 'उद्या या, परवा या' करत होता. ही बाकावर जाऊन बसली ती शटर ओढायची वेळ झाली तरी उठेना. शेवटी त्याने मुकाट्याने कनेक्शनचे कागद पुढे केले. सासूबाई मंजुळाबाई हा किस्सा अजून आल्यागेल्याला सांगतात. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.

हीच स्वरूपा चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सर्व्हर सांभाळते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे, एवढंच त्या कारखान्याचं काम. पण प्रेसचा दणका असा, की ऑफिसात टेबलावरचा चहा कपात थरथरतो. सर्व्हरची खोली म्हणजे हिंजवडीतल्यासारखं काचेचं दालन नव्हे. स्टोअरच्या मागे एक कोंदट जागा, कुरकुरणारा एसी आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. तिथे चपला काढायला लावणारे तिचे वरिष्ठ गणराज सर स्वतः मात्र बूट घालून आत येतात.

त्या सर्व्हरवर दोन ॲप्लिकेशन चालतात. एक मेन्टेनन्सवाल्यांचं, दुसरं प्रॉडक्शनवाल्यांचं. फिटर प्रेसमध्ये हात घालणार असेल तर तो आधी आपल्या स्क्रीनवर ती प्रेस लाल करतो. सर्व्हरच्या मेमरीत बंद प्रेसची एक यादी असते, तिच्यात ती प्रेस जाते. प्रॉडक्शनचं ॲप्लिकेशन तीच यादी बघून ऑपरेटरच्या स्क्रीनवर लाल दाखवतं, आणि लाल असेपर्यंत स्टार्टचं बटण कितीही दाबा, प्रेस हलत नाही. ही सोय झाल्यापासून फिटर लोकांची जुनी लोखंडी कुलपं कपाटात पडून होती. स्क्रीन असताना कुलूप कशाला, असं सगळ्यांना वाटायचं, आणि कोणी कोणाला हटकलं नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तीन नंबरची प्रेस नूरमोहम्मद आत काम करत असताना खाली आली.

नूरमोहम्मद कंपनीतला सगळ्यात जुना फिटर. प्रेसच्या मागच्या बाजूने, ऑपरेटरच्या पॅनेलवरून कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, तो बोल्ट आवळत होता. दुसरा पाना घ्यायला त्याने हात मागे घेतला आणि प्रेस आदळली. आत राहिलेला पहिला पाना पार चपटा झाला. हात वाचला तो निव्वळ नशिबाने. पॅनेलवर होते उद्धवराव, मावळातले, त्याच्याइतकेच जुने ऑपरेटर. बटण त्यांनीच दाबलं होतं.

"मी लाल करूनच आत गेलो," नूरमोहम्मद म्हणाला.

"माझ्या म्होरं हिरवा व्हता," उद्धवराव म्हणाले. "हिरवा दिसल्याबगर मी बटनाला हात लावत न्हाई."

दोघंही आपल्या म्हणण्यावरून तसूभर हलेनात. वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांच्या डब्यात हात घालणारी ही माणसं, पण त्या दिवसापासून एक कँटीनच्या दाराशी बसू लागला आणि दुसरा पार खिडकीशी. शॉपमध्ये तट पडले. काहींनी तर नावं बघून तट निवडला. ती कुजबुज कानावर आली तेव्हा स्वरूपाच्या डोक्यात तिडीक गेली.

कंपनीत काही बिघडलं की आधी माणूस शोधतात आणि वेळ उरलाच तर कारण. प्लांट हेड साहेबांनी तसंच केलं. "दोघांतला एक खोटं बोलतोय," ते म्हणाले, "आणि ऑडिटला पाहुणे येण्याआधी मला त्याचं नाव पाहिजे." सगळ्यांची बोटं हळूहळू नूरमोहम्मदकडे वळली. वय झालंय, विसरला असेल, आता लपवतोय. त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि अशी चौकशी कशी संपते हे शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

गेटवर त्याची आणि स्वरूपाची गाठ पडली. त्याच्या हातात रिकामा डबा होता.

"नूरचाचा, तुम्ही लाल केलं होतं ना?"

"पोरी, माझा स्वतःचा हात आत जाणार होता," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हाताचं माणूस विसरंल. स्वतःच्या हाताचं कसं विसरंल?"

स्वरूपा उद्धवरावांकडेही गेली. त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. "नूर माझ्यावर खोटेपनाचा आळ घेतोय," एवढंच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं बोलणाऱ्याचे डोळे असे भरत नाहीत, हे काही कॉम्प्युटरचं ज्ञान नव्हे. पण तिने ते धरून ठेवलं. दोघंही खरंच बोलत असतील तर काय व्हायला पाहिजे, एवढाच प्रश्न घेऊन ती सर्व्हरच्या खोलीत बसली.

आधी तिला वाटलं, नेटवर्क अडखळलं असेल. तसं नव्हतं. मग वाटलं, प्रोग्राममध्येच चूक असेल. तिने आपल्या मशीनवर दोन्ही ॲप्लिकेशन चालवून बघितली; तिथे लाल केलं की दोन्हीकडे लाल. पुन्हा केलं, पुन्हा लाल. गणराज सर दारातून म्हणाले, "सोड ना आता. प्रोग्राम गेल्या वर्षापासून तोच आहे. खंडेनवमीपर्यंत सगळं नीट चाललं होतं."

ते निघून गेले आणि स्वरूपा त्या शब्दापाशी अडकली. खंडेनवमी. त्या दिवशी मशीनची पूजा होते, तशी सर्व्हरचीही. एरवी सर्व्हर कधी बंद होत नाही. त्या दिवशी मात्र तो रीतसर बंद करतात, पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर चालू करतात. म्हणजे प्रोग्राम तोच, पण सर्व्हर नव्याने उठलेला. उठताना त्याने असं काय उचललं, जे आधी उचललं नव्हतं?

हे समजायला एवढं पुरे. या प्रोग्रामचे तुकडे असतात, त्यांना क्लास म्हणतात. बंद प्रेसची यादी अशाच एका क्लासच्या पोटात होती. ॲप्लिकेशनला तो क्लास लागला की ते आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतं. तिथे नसेल तर दोघांच्या सामाईक फोल्डरमधून घेतं. आणि एकदा मेमरीत घेतला, म्हणजे लोड झाला, की सर्व्हर बंद होईपर्यंत तोच. नंतर फोल्डरमध्ये काहीही ठेवा, चालू असलेलं ॲप्लिकेशन तिकडे ढुंकूनही बघत नाही.

स्वरूपाने फोल्डर उघडले. सामाईक फोल्डरमध्ये क्लासची फाइल होतीच. पण तीच फाइल मेन्टेनन्सच्या फोल्डरमध्येही होती आणि प्रॉडक्शनच्या फोल्डरमध्येही. दोन्हींवर श्रावणातली तारीख होती; खंडेनवमीनंतर सर्व्हर नव्याने उठेपर्यंत त्या नुसत्याच पडून होत्या. तिने दोन्ही ॲप्लिकेशनना एकच गोष्ट विचारणाऱ्या दोन ओळी लिहिल्या: तुझी यादी कुठल्या फाइलमधून आली? दोघांनी आपापल्या फोल्डरचं नाव सांगितलं.

म्हणजे याद्या दोन होत्या; तिच्या स्वतःच्या मशीनवर या प्रती नव्हत्या, म्हणून तिथे यादी एकच राहिली होती. मग तिला हसूही आलं आणि रडूही.

"फायली मीच टाकल्या होत्या," गणराज सरांनी कबूल केलं. "सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा निरोप होता, दोन्हीकडे एकेक प्रत ठेवा म्हणून. ठेवल्या, काही बिघडलं नाही, मी विसरून गेलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दोन प्रती काढ, सर्व्हर बंद करून चालू कर. प्रश्न मिटला. कोणाला कळायचंही नाही."

"तेच तर," स्वरूपा म्हणाली. "कोणाला कळणार नाही, आणि नूरचाचा कायमचे घरी जातील."

"आणि मी गेलो तर?"

तिला ही नोकरी गणराज सरांनीच दिली होती, मुलाखतीत अडखळली तेव्हा पाणीही त्यांनीच पुढे केलं होतं. तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं, पण ती खुर्चीवरून उठली नाही. "दोघांना समोरासमोर दाखवल्याशिवाय मी फायलींना हात लावणार नाही," ती म्हणाली. "कोणाला लावूही देणार नाही. आणि तोवर कुठल्याच प्रेसमध्ये कोणी हात घालायचा नाही."

प्लांट हेड साहेब आधी वैतागले. तीन नंबर बंद, माल अडकलेला, आणि ही बाई म्हणते सर्व्हर अजून बिघडलेलाच ठेवा. "अहो मॅडम, दुरुस्ती येते ना तुम्हाला? मग करा!" स्वरूपा त्यांच्या केबिनमध्ये समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. साहेबांनी एक फोन घेतला, दुसरा घेतला, चहा मागवला. ती तिथेच. शेवटी गणराज सरच आत आले. खाली बघत म्हणाले, "सर, चूक माझ्याकडून झालीय. तिला दाखवू द्या." साहेबांनी चहा तसाच ठेवला.

नूरमोहम्मदला घरून बोलावून घेतलं. शॉप जमा झालं. स्क्रीन चालू ठेवून तीन नंबरची वीज मुख्य स्विचवरून तोडली आणि त्या स्विचला स्वरूपाने कपाटातलं लोखंडी कुलूप लावायला लावलं. मग नूरमोहम्मदला मेन्टेनन्सच्या स्क्रीनपाशी उभं केलं, उद्धवरावांना पॅनेलपाशी. मध्ये प्रेसचं धूड. एकाला दुसऱ्याची स्क्रीन दिसत नव्हती.

"चाचा, लाल करा. आणि दोघांनी आपल्याला काय दिसतं ते मोठ्याने सांगा."

"लाल!" नूरमोहम्मद पलीकडून ओरडला.

"हिरवा!" उद्धवराव ओरडले.

स्वरूपाने त्यांना जागा बदलायला सांगितल्या. आता नूरमोहम्मद पॅनेलपाशी आला. त्याने स्क्रीन पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली. "हिरवा हाय," तो हळूच म्हणाला. पलीकडून उद्धवरावांचा आवाज आला, "हितं तर लाल हाय रं, नूर."

त्या दिवसांत दोघांपैकी कोणी दुसऱ्याला नावाने हाक मारली ती ही पहिलीच.

"हे कसं काय गं?" उद्धवरावांनी विचारलं.

"आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर आहे," स्वरूपा म्हणाली. "दूध आलं नाही की त्यावर खाडा मांडायचा. मी मांडला की सासूबाईंना दिसतो, कारण कॅलेंडर एकच. आता समजा कोणीतरी तसंच एकेक कॅलेंडर दोघींच्या खोलीत लावलं. मी माझ्यावर खाडा मांडणार, त्यांच्यावर तो कसा उमटेल? दोघी भांडू. आणि खरं तर दोघीही बरोबर." तिने साहेबांकडे पाहिलं. "चाचांनी लाल केलं होतं, सर. उद्धवरावांना हिरवाच दिसला होता. खोटं कोणीच बोललं नाही."

साहेबांनी मान डोलावली आणि नूरमोहम्मदला म्हणाले, "उद्यापासून या." मग जरा थांबून, "नाही, आजपासूनच."

स्वरूपाने दोन्ही प्रती काढल्या, सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा दोघांना उभं केलं. या खेपेला दोन्हीकडून 'लाल' आलं. तिने ते तिथे असलेल्या प्रत्येकाकडून करवून घेतलं, साहेबांकडूनसुद्धा, आणि वर सांगितलं, की यापुढे स्क्रीन लाल झाली तरी कुलूप लावल्याशिवाय कोणी आत हात घालायचा नाही. सॉफ्टवेअरवालीनेच असं सांगावं याचं काहींना नवल वाटलं. तिला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

तीन नंबरचा बोल्ट मात्र अजून सैलच होता. तो आवळायचा तर कोणीतरी आत हात घालायला हवा होता. साहेब म्हणाले, दुसऱ्या फिटरला सांगू. नूरमोहम्मदने पाने उचलले. सुपरवायझरने पॅनेलवर नवा ऑपरेटर उभा करायला हाक मारली, कारण उद्धवराव हात मागे बांधून केव्हाच बाजूला झाले होते.

"दुसरा कोणी नको," नूरमोहम्मद म्हणाला. "उद्धवला उभा करा. मी आत असताना पॅनेलवर तोच पायजे."

उद्धवराव आले आणि पॅनेलपाशी उभे राहिले. नूरमोहम्मदने प्रेस लाल केली, स्विचचं कुलूप काढून पुन्हा आपल्या हाताने घातलं, किल्ली खिशात टाकली. मग तो मागे गेला, वाकला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.