तो कांद्याच्या सालीचा रंग नव्हता

मला एका जागी बसवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या महिन्यात मी स्वतःलाच नकोशी झाले होते. कुकरची शिट्टी होईपर्यंतसुद्धा स्वयंपाकघरात थांबत नव्हते, गच्चीत जाऊन नाला बघून यायचे. यशवंतपूरला आमच्या गल्लीच्या मागून राजकालुवे, म्हणजे जुना मोठा नाला, जातो. पूर्वी पावसाचं पाणी तळ्याकडे न्यायचा, आता सगळ्यांची घाण नेतो. तो साफ करायचं ठरलं होतं. निम्मा खर्च पालिकेचा. उरलेला निम्मा तिघांनी वाटून घ्यायचा: आमचा रहिवासी संघ, बाजारातले कांद्याचे व्यापारी आणि नाल्याकाठी छोटे कारखाने चालवणारे शेडवाले. मी बँकेतून निवृत्त झालेली, हिशेबाला पक्की आणि तोंडाने फटकळ, म्हणून वाटे लिहायची वही माझ्या गळ्यात पडली.

सारखे तीन वाटे कुणालाच पटेनात. चौथ्या बैठकीत मीच वैतागून म्हटलं, ज्याची जेवढी घाण, त्याचा तेवढा वाटा. सगळ्यांनी कन्नडमध्ये 'सरी, सरी' करत माना डोलावल्या. मला कोण आनंद झाला! आणि मग कळलं की घाण कुणाचीच नाही. आमच्या गल्लीतल्या एकाही घराचा पाइप नाल्यात नव्हता म्हणे. वास काय आभाळातून पडत होता?

खरं घोडं अडलं ते लाल पाण्यावर. आठवड्यातून दोन-तीन सकाळी नाल्याला लालसर पाणी यायचं. शेडवाले म्हणायचे, बाजारातल्या कांद्याच्या साली कुजतात, त्यांचाच तो रंग. व्यापारी म्हणायचे, रंगाचं काम शेडमध्ये चालतं, आमच्यात नाही. आणि शेडवाल्यांत रंगाचं काम करणारा एकच होता, माझा थोरला भाऊ.

आम्ही मूळचे रंगारी. पिढ्यान् पिढ्या या गावात, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. चुलत भावंडं सगळी ऑफिसांत गेली, एकट्या अण्णाने रेशमाच्या लडी रंगवायचं सोडलं नाही. रंगाचं पाणी टँकरने बाहेर जातं, असं तो मला स्वतः म्हणाला होता, आणि मीही प्रत्येक बैठकीत छाती पुढे काढून तेच सांगत होते. कारण पाणी त्याचं निघालं तर शेडवाल्यांचा सगळा वाटा त्याने एकट्याने भरायचा, असं बाकीच्या शेडवाल्यांनी लिहून घेतलं होतं. तेवढा भार त्या शेडला झेपणारा नव्हता. शेड बुडालं असतं. हेच मला आतून पोखरत होतं, आणि म्हणून मी गच्चीत जात होते.

शेवटी पालिकेच्या इंजिनीयरबाईंनी सगळ्यांना पुलावर बोलावलं. सकाळचे अकरा, ऊन चटचटत होतं. त्यांनी नाल्यातलं पाणी काचेच्या बाटलीत भरून उन्हात धरलं. शेडवाल्यांचा म्होरक्या लगेच म्हणाला, बघा, कांद्याची साल. अण्णा त्याच्या शेजारीच उभा होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. रंगाऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीसमोर त्या मरून रंगाला कांद्याची साल म्हणता? मी ताडकन म्हणाले, "कांद्याचा रंग पिवळ्यावर जातो. हा मरून आहे. कढईची आच कमी पडलीय, लड घाईने काढलीय, म्हणून पहिल्या धुण्यातच एवढा रंग सुटलाय." आणि हे कन्नडमध्ये. मराठीत पुटपुटले असते तर फक्त अण्णाला कळलं असतं. आता सगळेच त्याच्याकडे बघत होते. तो खाली, स्वतःच्या पायांकडे.

कांदेवाल्यांतले एक म्हातारे पुढे आले. मोठा भला माणूस. मला हळूच म्हणाले, अक्का, आमच्या सालींचंच लिही, आम्ही स्वल्प जास्त भरू. वही माझ्याच हातात होती. एक ओळ लिहिली असती तर अण्णा सुटला असता. पण माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, हा माझ्याशी खोटं बोलला, आणि ते खोटं मी चारचौघांत मिरवलं. मी शेडवाल्यांचा वाटा अण्णाच्या नावावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता त्याच्या शेडवर गेले. भांडायलाच गेले होते. टँकर कधी बंद केलास, असं दारातूनच विचारलं. तो लड पिळत होता. म्हणाला, आईला दिवसरात्र बाई ठेवली तेव्हा.

आई त्याच्याकडे असते, अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली. मी दर रविवारी मोसंबी घेऊन जाते, तासभर उशाशी बसते, डोळे पुसत घरी येते. त्या बाईचा पगार कोण देतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. नाल्याचे वाटे मी पैशापर्यंत पाडले होते. इतकी लाज वाटली की उंबऱ्यातून आत पाऊल पडेना. म्हटलं, बाईच्या पगाराचे मागचे-पुढचे सगळे निम्मे मी देते, नाल्याचेही देते.

त्याने लड दांडीवर टाकली, हात पुसले.

"आईचे दे, ते घेईन. नाल्याचे नको. ते तू माझ्या नावावर लिहिलंस."

त्याने रंगाच्या तांब्याच्या मोठ्या कढया विकून वाटा भरला, एक दिवसही उशीर न करता. नाला साफ झाला. आता पाणी लाल येत नाही. गल्लीतले लोक मला भेटून शाबासकी देतात आणि मी घाईघाईने पुढे निघते.

दर एक तारखेला मी बाईच्या पगाराचे निम्मे वहिनीच्या हातात ठेवते. अण्णा कुठे आहे, असं विचारते. वहिनी सांगते, शेडवर. शेडमध्ये आता काम नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.