डब्यातला कोळसा

आमच्या शिंदखेड्याच्या पोस्टात ग्राहकाच्या तक्रारीचा फॉर्म मिळायचा, विकणाऱ्याच्या तक्रारीचा मिळायचा नाही. मी मागितला होता, म्हणून मला माहीत आहे. खिडकीमागच्या बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कसली तक्रार करायची? तुम्ही तर माल विकता."

म्हणजे विकणारा माणूस आधीच आरोपी. त्याने फक्त उत्तरं द्यायची.

मी विकत होते बिबड्या. ज्वारी भिजवायची, आंबू द्यायची, दळून तिखट-तीळ-लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा आणि खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर हाताने पातळ पसरायचा. मे महिन्याच्या उन्हात त्याचा कडकडीत पापड होतो. ही सगळी करामत माझ्या सासूबाईंची. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणत. माझं काम होतं बिबड्या शहरात पोचवायचं. नोकरीसाठी गाव सोडलेली आपली माणसं मुंबई-पुण्यात बिबडीच्या आठवणीने जीव टाकतात, हे मी माहेरच्या पाहुण्यांकडून ऐकलं होतं. एका साप्ताहिकात चार ओळींची जाहिरात दिली, खाली स्वतःचं नाव घातलं. नवरा म्हणाला, "माझं घाल, बरं दिसतं." मी म्हटलं, "मला माझं बरं दिसतं."

तेव्हा लांबच्या माणसाला माल विकायचा म्हणजे व्ही.पी. पार्सल. डबा पोस्टाने जायचा, घेणाऱ्याने पोस्टमनच्या हातात पैसे ठेवायचे आणि मग ते पैसे पोस्ट आमच्याकडे पाठवायचं. ऐकायला किती सुरेख! घेणाऱ्याला भीती नको, विकणाऱ्याला चिंता नको. प्रत्यक्षात कागद पाठवून "त्वरित धाडा" म्हणणारा गृहस्थ पोस्टमन दारात आला की गावाला गेलेला असायचा, नाहीतर त्याच्या बायकोला यातलं काही ठाऊक नसायचं. मग डबा आला तसा परत. जाताना अख्ख्या गेलेल्या बिबड्या येताना भुगा होऊन यायच्या आणि जाण्यायेण्याचा खर्च आमच्या बोकांडी. त्या भुग्याला फोडणी घालून आम्ही किती संध्याकाळी काढल्या, विचारू नका. तरी मी हटले नाही.

पत्र्याचा डबा मी भरायची. त्याच्याभोवती मांजरपाट शिवायची, लाखेचे ठिपके द्यायची. झाकण लावण्याआधी मात्र अक्का यायच्या आणि चुलीतला एक विझलेला कोळसा नि एक लाल मिरची वरून ठेवायच्या. मी पहिल्यांदा हसले तेव्हा त्या रागावल्या होत्या.

"हसस काय वं? लांब जाई ऱ्हायना ना डबा. नजर लागस."

आमच्याकडे जेवणाचा डबा वेशीबाहेर गेला तरी त्यात कोळसा जातो. हा तर परमुलखाला चाललेला. त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही आणि आजही दिसत नाही.

ठाण्याच्या एका गृहस्थाला दिसलं. त्याने मोठा डबा मागवला, पोस्टमनला पैसे दिले, डबा उघडला आणि पोस्टात जाऊन तक्रार ठोकली, की वजन वाढवण्यासाठी डब्यात कोळसा घालून भेसळ केली आहे, सबब पैसे परत मिळावेत. पोस्टाने पैसे तिथेच अडवले आणि मला धुळ्याच्या मोठ्या कचेरीत बोलावणं आलं. कागदावर माझं नाव होतं आणि नावापुढे "फसवणूक" हा शब्द.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला डब्यातला कोळसा कशाचा हे कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही. डोक्यात अशी तिडीक गेली, की तो समोर असता तर मी चुलीतला जळता कोळसाच दाखवला असता.

पण खरा घाव बसला तो अक्कांना. कागद मीच वाचून दाखवला, रागाच्या भरात, मोठ्याने. त्या ऐकत होत्या. "भेसळ" शब्दाला त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. जिच्या हातच्या बिबड्या लग्नाघरी मागून नेत, त्या बाईला कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी धोतर घडी करून ठेवलं, भिजत घातलेली ज्वारी शेजारच्या गाईला दिली आणि मला म्हणाल्या, "मन्हा हातनं आते कोनले धाडू नको."

ऐन हंगामात खाट रिकामी पडली. अक्का उन्हाच्या वेळी आत तोंड फिरवून पडून राहायच्या. नवरा म्हणाला, "लिहून दे माफी आणि मोकळी हो. पैसे गेले तर गेले." मी म्हटलं, पैशांचं मी बघेन, पण माफी लिहून द्यायची म्हणजे अक्कांनी भेसळ केली असं माझ्या सहीने कबूल करायचं. ते मी मेले तरी करणार नाही.

एस.टी.ने धुळ्याला गेले. कचेरीतले साहेब वाईट नव्हते, नुसते घाईत होते. त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "सही करा बाई, प्रकरण मिटून जाईल. पुन्हा असं करणार नाही एवढंच लिहिलंय."

"असं म्हणजे कसं?" मी विचारलं.

"हेच. भेसळ वगैरे."

"माल कुठे आहे?"

"कोणता माल?"

"भेसळीचा. त्याला पैसे परत हवेत ना? मग माझा माल परत द्यायला हवा. तो बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

साहेबांनी शिपायाला हाक मारली. शिपायाने सुतळी बांधलेला आमचाच डबा आणून टेबलावर ठेवला. ठाण्याहून पुरावा म्हणून आला होता. मी पदर खोचला आणि सुतळी सोडायला लागले. साहेब म्हणाले, "अहो, थांबा," पण तोवर झाकण निघालं होतं.

आत कोळसा होता. मिरची होती. आणि तळाला चिमूटभर चुरा. बस्स! एक बिबडी नव्हती. पुरावा तेवढा जपून ठेवला होता पठ्ठ्याने, बाकी सगळं फस्त.

शिपाई पहिल्यांदा हसला, मग शेजारच्या टेबलावरचे दोघे. मला हसू आलं नाही. मी डबा साहेबांकडे सरकवला आणि म्हटलं, "या कोळशाने वजन किती वाढलं असेल ते आता तुम्हीच तोलून बघा. आणि भेसळीची वस्तू माणूस डबा पुसून खातो का, तेही लिहा. माझ्या बोलण्यातलं एक अक्षर गाळू नका."

साहेबांनी ते लिहिलं. टाइप केलेला कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला, हे त्यांचं मोठेपण. "पण बाई," ते म्हणाले, "व्ही.पी.त हे असंच चालायचं. घेणारा कधीही उठून तक्रार करू शकतो."

"म्हणून मी व्ही.पी. बंद करतेय," मी म्हटलं.

अडकलेले पैसे यथावकाश आले. त्या दिवशी मात्र मी हात हलवत घरी पोचले. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कचेरीत काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी पैशांचं विचारलं नाही, साहेबांचं विचारलं नाही. उठून बसल्या आणि म्हणाल्या, "त्यानी बठ्ठं खाधं?"

"बठ्ठं, सगळंच्या सगळं. चुरासुद्धा शोधावा लागला."

त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला! "मंग त्याले आवडनं वं. त्याले आखो धाड."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने आपल्याला चोर म्हटलं, त्याला आणखी धाडायचं? तिथल्या तिथे मी सांगून टाकलं, "धाडेन. पण आधी त्याची मनिऑर्डर येऊ दे. त्याचीच नाही, सगळ्यांची. पैसे आधी, डबा मग."

"अशानं कोनी मांगाव नही."

"नको मागू दे. पण अक्का, तुमच्या हातचं खाऊन वर तुम्हालाच नाव ठेवायची सोय मी आता कुणाला ठेवणार नाही."

अक्का उठल्या आणि ज्वारी निवडायला बसल्या.