कृष्णवेणीबाईंचे राहिलेले दोन शब्द

कृष्णवेणीबाई दारात दिसल्या की मद्रासच्या मैलापुरातली म्हातारी माणसं देवाचं नाव घ्यायची. धाकच तसा होता बाईंचा! स्मृतिभ्रंशावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर गुरुमूर्तींच्या हाताखाली अकरा वर्षं त्या घरोघर हिंडत होत्या. म्हाताऱ्यांना दहा शब्द ऐकवायचे, जरा इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, मग विचारायचं, सांगा बघू, कोणते होते? नारळ, कंदील, सुई, पायरी... तमिळ घरांत तमिळमध्ये, आपल्या तंजावरी घरांत मराठीत. कुणी "राहिलेला तेवढा सांग गं" म्हणून कितीही गयावया केली तरी बाई फॉर्म मिटायच्या. "नियम म्हणजे नियम!" शब्द सांगितले तर पुढच्या खेपेची परीक्षा वाया जाते, हे खरं. पण ते बजावताना बाई जरा जास्तच ताठ व्हायच्या, हेही खरं.

२००६च्या उन्हाळ्यात त्या तांबरमला राणोजींकडे गेल्या. राणोजी पंचाऐंशीचे. बाईंनी शब्द वाचायला सुरुवात केली आणि म्हातारबुवा खो खो हसत सुटले.

"अगं पोरी, मंगळवारीच विचारलंस की हे सगळं! सुंडलाच्या उसळीत मीठ जास्त झालं म्हणून तोंडसुद्धा वाकडं केलंस."

बाईंना काही म्हणजे काही आठवेना. पिशवी उलटीपालटी केली, तर मंगळवारचा भरलेला फॉर्म निघाला. अक्षर त्यांचंच. परीक्षा देणाऱ्याला सगळं आठवतंय आणि घेणारीच विसरली!

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि स्वतःचीच परीक्षा घेतली. दहापैकी दहा. डोंबल! अकरा वर्षं घोकलेले शब्द, झोपेतही आले असते. साऱ्या मद्रासची डोकी तपासणाऱ्या बाईला स्वतःचं डोकं तपासायला शब्दच उरले नव्हते. नवऱ्याला, बालाजीरावांना, त्या काही बोलल्या नाहीत. पण आठ दिवस अर्ध्या ताटावरून उठत राहिल्या. या आजारात पुढे काय काय होतं, ते त्यांनी दुसऱ्यांच्या घरांत डोळ्यांनी पाहिलं होतं.

नवव्या दिवशी गुरुमूर्तींच्या टेबलापुढे उभ्या राहून त्या रडल्याच. डॉक्टरांनी तिथल्या तिथे नवे दहा शब्द काढले आणि परीक्षा घेतली. बाईंना चारच आठवले. मग रक्त तपासायला पाठवलं.

"दूध-दही खाता का?" रिपोर्ट बघत त्यांनी विचारलं.

"कोलेस्टेरॉलच्या भीतीनं पाच वर्षांपूर्वीच सोडलं, सर. कॉफीसुद्धा कोरी."

"अय्यो! आधीच तुम्ही शाकाहारी, त्यात हे! बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. विसरण्याचं कारण तेवढंच असलं, तर इंजेक्शनांनी डोकं ताळ्यावर येईल. तीन महिन्यांनी बघू."

ते तीन महिने बाईंनी कसे काढले, त्यांचं त्यांनाच ठाऊक. मग तिसरी, कोरी करकरीत यादी आली. आठ! बाई खुर्चीत बसून आधी रडल्या, मग हसल्या. सुटले रे देवा! आणि डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "सर, राहिलेले दोन कोणते हो?"

"नियम म्हणजे नियम, मॅडम," म्हणत डॉक्टरांनी फॉर्म मिटला.

मेले ते दोन शब्द! बाईंच्या डोक्यात किड्यासारखे वळवळत राहिले. भाजी चिरताना, बसमध्ये, देवापुढे हात जोडताना. त्याच आठवड्यात त्या यादी घेऊन तुळजाआत्यांकडे परीक्षेला गेल्या. अठ्ठ्याहत्तरीच्या आत्यांना सहा आठवले, आणि त्या पदराशी चाळा करत पुटपुटल्या, "बाकीचे कोणते गं? सांग की."

बाईंनी फॉर्म मिटला खरा, पण खुर्ची पुढे ओढून आत्यांचा हात हातात घेतला.

"ते सांगता येत नाही, आत्या. पण माझेही दोन राहिलेत. अजून छळतायत."

"तुझेसुद्धा?" आत्यांचा जीव भांड्यात पडला. "मग बस जरा, ताक देते."

बाई बसल्या, आणि दोन पेले ताक पिऊनच उठल्या.