सर्जन पाहण्याचा कार्यक्रम

"आमाले पसंत हाये, मॅडम. आता तुमी फक्त चिठ्ठी द्या."

माझ्या ओपीडीत खुर्च्या तीन आणि समोर माणसं पाच. इस्त्रीचे शर्ट, खिशाला पेन. मला वाटलं, लग्नाची पत्रिका द्यायला आलेत. सगळ्यांच्या पुढे होते सिद्धार्थभाऊ. नेरला त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गावातल्या प्रत्येक अर्जावर त्यांचा हात असतो, आणि घरातल्या प्रत्येक निर्णयावरही.

"काय पसंत आहे?"

"डॉक्टर. काल नागपूरले पाहून आलो. पाचही जनं गेलतो, बोलेरोनं."

"आणि पेशंट?"

"वंदना? ते घरीच होती. म्हटलं, आधी आपण पाहून घेऊ. पसंत पडलं त मंग नेऊ तिले."

मी यवतमाळात जनरल सर्जन आहे. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, गाठी यात माझं आयुष्य गेलं. पोरगी पाहायला पाच जण जातात, हे माहीत होतं. सर्जन पाहायला गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

वंदना ही सिद्धार्थभाऊंच्या धाकट्या भावाची बायको. एसटीत कंडक्टर. दीड वर्षापूर्वी मीच तिचं ऑपरेशन केलं होतं. डाव्या स्तनाचा कॅन्सर. स्तन पूर्ण काढावा लागला, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग रेडिएशन, ज्याला आमचे पेशंट 'शेक' म्हणतात. या सगळ्यातून बाई ताठ उभी राहिली. आता तिला रिकन्स्ट्रक्शन हवं होतं, म्हणजे गेलेला स्तन पुन्हा घडवून घ्यायचा होता. ते माझं काम नाही, प्लास्टिक सर्जनचं. त्यात एक तर सिलिकॉनची पिशवी आत बसवतात, तिला इम्प्लांट म्हणतात. नाहीतर बाईच्याच पाठीचा किंवा पोटाचा भाग आणून तिथे लावतात, त्याला फ्लॅप म्हणतात. प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक नसतं, हे मी सिद्धार्थभाऊंना दोनदा सांगितलं होतं. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिनं हा विषय काढला, तेव्हा मीही मनात म्हटलं होतं, हिला आता दिसण्याचं काय पडलंय? जीव वाचला ना! मग तिनं सांगितलं. कंडक्टरच्या बॅगेचा पट्टा छातीवरून तिरपा जातो. एक बाजू सपाट, त्यामुळे पट्टा घसरतो आणि शेक घेतलेली कातडी घासून निघते. मी तिला बाहेरून लावायचा सिलिकॉनचा कप दिला होता. आमच्याकडच्या मे महिन्यात तो दहा मिनिटांत घामानं निसटतो. म्हणून ती रुमालाची घडी ठेवायची. एक दिवस दारव्ह्याच्या गाडीत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि ती घडी खाली पडली. एका म्हाताऱ्या बाईनं उचलून तिच्या हातात दिली. म्हणाली, "बाई, तुमचं पडलं वाटते." सगळी गाडी खिडकीबाहेर पाहायला लागली.

त्या दिवसापासून वंदनानं डेपोत टेबलाचं काम मागून घेतलं. ज्या बाईचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा, ती आता रजिस्टरवर रेघा मारत होती.

"मले परत गाडीवर जायचं हाये, मॅडम," एवढंच तिचं म्हणणं होतं.

तर, पाच जणांचा अहवाल. मी म्हटलं, "बोला, काय काय पाहिलं?"

"दवाखाना म्हनजे बाप्पा, हॉटेल हाये! पुरा एसी. एवढी मोठी माशाची पेटी. रिसेप्शनवरची पोरगी इंग्रजीत बोलते."

"डॉक्टर?"

"गोरापान हाये. शांत हाये. सासरवाडी वर्धेची. भिंतीवर फोटोच फोटो. नाकाचे, केसाचे, पोटाचे. आधीचं आन नंतरचं."

"कॅन्सरनंतरच्या बाईचा एखादा फोटो?"

पाचही जण एकमेकांकडे पाहायला लागले. एक जण म्हणाला, "तसा फोटो कोन लावन जी भिंतीवर?"

"अशी ऑपरेशनं किती केली, विचारलं?"

"बरं दिसत नाई न तसं इचारनं. मोठा मानूस."

माझं डोकं फिरलं. "सिद्धार्थभाऊ, पोरीला स्थळ आलं की तुम्ही पगार विचारता, शेती विचारता, दारू पितो का विचारता. सुपारीचं खांडही खातो का ते पानठेल्यावर जाऊन विचारता. आणि जो सुरी घेऊन तुमच्या घरच्या बाईवर उभा राहणार, त्याला काहीच विचारायचं नाही?"

"सासरवाडी इचारली न," ते हळूच म्हणाले.

मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि वंदनाला एकटीला बोलावलं. ती दुसऱ्या दिवशी ड्यूटी करून आली. मी माझ्या ओळखीच्या एका प्लास्टिक सर्जनच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली. अनेक वर्षं माझे पेशंट त्याच्याकडे जातात. भाजलेले, कापलेले, चेहरा फाटलेले. चिठ्ठी अर्ध्यावर आली आणि ती म्हणाली, "मॅडम, याईनं केलेली अशी बाई तुमी पाह्यली का?"

पेन थांबलं. अशी बाई म्हणजे कॅन्सरनंतर स्तन घडवून दिलेली. मी आठवायला लागले. एकही आठवेना.

"माझा चांगला परिचय आहे त्यांच्याशी," मी म्हटलं.

"ते हाये. पन पाह्यली का?"

पहिला विचार आला, डॉक्टर मी की तू? दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. हा सर्जन मला का आवडतो? फोन लगेच उचलतो. पेशंट पाठवला की आभाराचं टाइप केलेलं पत्र येतं. आणि दिवाळीला काजूकतलीचा डबा. म्हणजे सिद्धार्थभाऊंनी माशाची पेटी पाहिली आणि मी काजूकतली. मला मनापासून लाज वाटली.

"नाही पाहिली," मी म्हटलं.

"मंग आपन दोघीही सारख्याच," वंदना म्हणाली आणि चक्क हसली.

मी चिठ्ठी पूर्ण केली, आणि तिच्या मागच्या बाजूला सर्जनला विचारायचे प्रश्न लिहिले. तुम्ही एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी केलंय का, कारण 'कॉस्मेटिक' अशी पाटी पुष्कळ जण लावतात, पण ही पदवी किंवा तिच्या तोडीचं ट्रेनिंग वेगळं असतं. शेक झालेल्या किती बायकांची केलीत, कारण शेकलेली कातडी कडक होते आणि तिथे इम्प्लांट जास्त बिघडतो. बिघडलं तर पुढे काय करता. आणि चांगल्यांबरोबर न जमलेल्यांचेही फोटो दाखवा.

"आन माह्याकडून एक," ती म्हणाली.

"कोणता?"

"तो मी इचारनार नाई. त्याईनंच इचाराचा हाये."

घरच्या मानासाठी ती आधी माशाच्या पेटीवाल्याकडे गेली. सोबत नवरा आणि सिद्धार्थभाऊ. नवरा गाडी लावायला खाली थांबला होता. पुढचं मला वंदनानं सांगितलं, तेव्हा आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून. डॉक्टरनं तिला तपासलं, खुर्चीत बसला आणि शेजारच्या पुरुषाला विचारलं, "साईज किती ठेवायची, साहेब?"

शेजारचा पुरुष म्हणजे जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे जेठासमोर भावसून डोक्यावरचा पदरही सावरून घेते. सिद्धार्थभाऊ उठले ते थेट माशाच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले आणि निघेपर्यंत मासे मोजत बसले. परतीच्या वाटेवर कारंजा गावात गाडी चहाला थांबवली. मग म्हणाले, "वंदना, तुह्यं तू पाह्य. मी सासरवाडी इचारली, थेच चुकलं."

पाचांची समिती तिथेच बरखास्त झाली.

दुसरा माझा काजूकतलीवाला. त्यानं नीट बसवून घेतलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. पदवी होती. किती केल्या, तर "बऱ्याच." पाठीचा स्नायू घेऊन करू म्हणाला आणि पुढच्या गुरुवारची तारीखही दिली. वंदना परत आली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"मानूस चांगला हाये, मॅडम. खोटं कायले बोलू? पन त्यानं तिकीट फाडून हातात देल्लं. जायाचं कुठं, ते इचारलंच नाई."

तेव्हा मला तिचा न विचारलेला प्रश्न कळला. दोघांपैकी एकानंही तिला, तू काम काय करतेस, हे विचारलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी सोबत गेले. माझ्या बरोबरच्या एका कॅन्सर सर्जननं सुचवलेला माणूस होता. त्याच्या तीन पेशंटशी वंदनानं आधीच फोनवर बोलून घेतलं होतं. तीनही बायकांना तिनं एकेक तास पिडलं असणार. दवाखाना साधा. मासे नाहीत, एसीही बंद. डॉक्टर पन्नाशीचा, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर वैताग. फाइल चाळली, तपासलं, हात धुतले आणि मान वर न करता विचारलं, "काम काय करता?"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"एसटीत कंडक्टर."

आता त्यानं मान वर केली. "उभ्यानं? दांडा कोणत्या हातानं धरता?"

"डाव्या. उजव्यात मशीन राह्यते."

"दाखवा."

त्यानं सलाइनचा स्टँड दोन्ही हातांनी आडवा करून वर धरला. नर्स दारात येऊन पाहायला लागली. वंदनानं डाव्या हातानं तो धरला. "आता मी ब्रेक मारतो," असं म्हणून त्यानं स्टँड एकदम पुढे ओढला. वंदना हलली नाही. तिला सवय होती. धडपडला तो.

"मॅडम, इथे हात लावा," तो मला म्हणाला.

तिच्या पाठीचा स्नायू दोरीसारखा ताणला होता.

"हाच तो. पाठीचा फ्लॅप करायचा तर हा काढून पुढे आणतात. बऱ्याच बायकांचं याच्याशिवाय अडत नाही. पण हिचा हा हात आधीच काखेतून ऑपरेट झालेला आहे, आणि ही दिवसभर याच हातावर लटकते. हिला पाठीचा सल्ला कुणी दिला?"

"होते एक," मी म्हटलं. माझ्याच चिठ्ठीची घडी माझ्याच पर्समध्ये होती.

त्यानं पोटाचा फ्लॅप सुचवला. पोटाची कातडी आणि चरबी घ्यायची, स्नायू जागेवरच ठेवायचा आणि बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडायच्या. ऑपरेशन लांब, अख्खा दिवस जातो. वंदनानं माझ्याकडून ती चिठ्ठी मागून घेतली, उलटी केली आणि एकेक प्रश्न विचारला. त्यानं आकडे सांगितले, फसलेल्यांसकट. मग एक अल्बम दाखवला. त्यात एका बाईचा फ्लॅप काळा पडलेला होता, पूर्ण काढावा लागलेला. वंदनानं त्या फोटोवर बोट ठेवलं.

"हे बाई आता कशी हाये?"

"दर वेळी येऊन मला शिव्या घालते," डॉक्टर म्हणाला. "पण येते."

"आन मी काहीच नाई केलं त?"

"काही बिघडत नाही. पुष्कळ जणी करत नाहीत, मजेत असतात. मागे लागणार नाही मी. तुम्हाला हवं असेल तरच."

"मले गाडीवर जायचं हाये," वंदना म्हणाली, आणि तिथेच रडली. ऑपरेशनला रडली नव्हती, केमोत केस गेले तेव्हाही नव्हती. आम्ही दोघा सर्जननी काय करावं ते न कळून फाइल वाचायला घेतली.

ऑपरेशन झालं. सगळं गोड झालं असं लिहिलं, तर मीही भिंतीवर फोटोच लावल्यासारखं होईल. जखमेची एक कड काळी पडली, ती भरायला महिना गेला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. शिलाईवालीनं ब्लाउज दोनदा उसवला. डेपोनं गाडीवर घ्यायला आणखी काही महिने लावले. काजूकतलीचा डबा यंदाही आला. मी आभाराच्या फोनवर त्याला म्हटलं, पेशंट काय काम करतो ते विचारत जा. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या चिठ्ठीतही ते लिहिलेलं नसतं." बरोबर होतं त्याचं. आता लिहिते.

मागच्या महिन्यात माझी कार गॅरेजला होती आणि मला नेरला जायचं होतं. यवतमाळच्या स्टँडवर एसटीत चढले. गाडी खच्चून भरलेली. मागून ओळखीचा आवाज आला, "सरका बाप्पा पुढं, मंधात जागा हाये!" वंदना. डावा हात दांड्यावर, पट्टा छातीवरून तिरपा, बॅग जागच्या जागी. गाडीनं ब्रेक मारला, आम्ही सगळे एकमेकांवर पडलो. ती तेवढी उभी होती.

माझ्यापाशी येऊन तिनं मशीन पुढे धरलं. "बोला मॅडम, कुठं?"

"अगं, ही नेरचीच गाडी आहे. मी नेरला चाललेय, हे तुला काल फोनवर सांगितलं होतं."

"ते मले माहीत हाये," ती म्हणाली. "तरी इचारा लागते."

आणि मी सांगेपर्यंत तिनं बटण दाबलं नाही.