पहिला पोचा घरी सांगा

चुंबकशेठना खऱ्या नावानं हाक मारणारी एक म्हातारी आत्या सोडली, तर आता कोणी उरलं नव्हतं. डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आणि शर्टाच्या खिशात कायम एक बोटभर लोहचुंबक. समोर कोणाचीही गाडी उभी राहिली की गप्पा मारता मारता ते चुंबक पत्र्यावरून फिरवायचे. चिकटलं तर पत्रा अस्सल. घसरलं तर वर रंग, आत पुट्टी, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली आणि गुपचूप बुजवलेली. लग्नाला गेले तरी बाहेरच्या गाड्या तपासूनच आत शिरत. मालक म्हणायचा, "नवीकोरी आहे हो!" आणि हे म्हणायचे, "असेल, असेल," ते अशा सुरात की त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच गाडीची शंका यावी.

अशा माणसानं लोकसेवा सुरू केली म्हटल्यावर लोकांच्या मनात पाल चुकचुकणारच. पण त्यामागचं कारण खरंखुरं होतं. गॅरेजमध्ये नुकतं लायसन्स मिळालेली पोरं यायची, चेहरे पडलेले. "काका, बाबा गावाहून यायच्या आत होईल का?" एवढासा पोचा असायचा, तो बुजायचा, पोरगं खूश होऊन जायचं. एक पोरगा असा तीनदा आला. चौथ्यांदा नुसती गाडी आली, क्रेनला लटकून, आणि पोराच्या पायात सळई घालावी लागली. त्याच्या बापानं गॅरेजमध्ये येऊन एवढंच विचारलं, "आधी काही झालं होतं का हो?" चुंबकशेठना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून त्यांनी नियमच केला. नव्या पोरांचा पोचा आईबाप सोबत असल्याशिवाय काढायचा नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : पहिला पोचा घरी सांगा. मग ते कॉलेजांत जाऊन बोलू लागले. वेग, वळण, गाडीत कोंबलेले मित्र, हे सगळं सांगायचे, पण शेवटी गाडी या एकाच वाक्यावर यायची. लहान चूक घरी कळली की कोणीतरी शेजारी बसून शिकवतं, लपली की मोठी होते.

लोक काय म्हणाले असतील? एका प्राचार्यांनी तर तोंडावर विचारलं, "यात तुमचा फायदा काय? गाड्या ठोकल्या नाहीत तर तुमचं दुकान कसं चालायचं?" कुठेतरी पाणी मुरतंय, असं सगळ्यांचं मत. चुंबकशेठना त्याचा राग नाही आला. त्यांनीही हेच विचारलं असतं.

त्यांची मुलगी कॉलेजात होती. तिलाही नुकतंच लायसन्स मिळालेलं, घरची जुनी गाडी तीच न्यायची. तिच्याच कॉलेजात मुलं आणि पालक यांच्यासमोर बोलायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी चुंबकशेठ कौतुकानं गाडी पुसायला बसले. डाव्या मडगार्डवर ऊन पडलं आणि त्यांचा हात थांबला. रंग जरा जास्तच तुकतुकीत होता. खिशातलं चुंबक काढून लावलं. घसरलं. परत लावलं. टपकन खाली पडलं.

आत पुट्टी. त्याहून वाईट म्हणजे काम कोणाचं हे त्यांना लगेच कळलं. घासल्याच्या बारीक रेघा कडेकडून मधे आल्या होत्या, आणि पॉलिश पेपर असा फिरवायची सवय त्यांनीच एका माणसाला लावली होती. गॅरेज सांभाळणारा त्यांचा मेव्हणा.

"दाजी, आता काय सांगू," मेव्हणा मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही भाषणाला गेला होतात. भाचीनं रडून गोंधळ घातला. पत्रा ठोकायला वेळच नव्हता, वरूनच भरून टाकला."

"माझ्या गॅरेजात? त्या पाटीखाली?"

"पाटीखाली नाही, मागच्या बाजूला."

चुंबकशेठना हसावं की त्याच्या कानाखाली काढावी कळेना. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. ती आली, मडगार्डजवळ उभे असलेले बाबा बघितले आणि सगळं समजली.

"कॉलेजच्या फाटकाचा खांब लागला बाबा. वळताना अंदाज चुकला."

"खांबच?"

"खांबच."

"सायकल नव्हती? माणूस नव्हता? खरं सांग, कोणाला उडवलंस का?"

"नाही हो! खांबच होता. सांगतेय ना मी!"

"मग मामाकडे का गेलीस? खांब लागल्यावर कोण एवढं घाबरतं?"

यावर तिनं नुसतं मामाकडे बघितलं. झालं, यांच्या डोक्यात भलतंसलतं नाचू लागलं. रस्त्याकडेला पडलेला कोणीतरी म्हातारा, निघून गेलेली पोरगी, तोंड शिवून बसलेला मामा. त्यांनी ग्राइंडर उचलला. मेव्हणा "दाजी, अहो दाजी!" करत राहिला. रंग उडाला, पुट्टीची पांढरी भुकटी सगळ्यांच्या केसांत बसली, आणि हळूहळू आतला पत्रा उघडा झाला.

मेव्हण्यानं पत्रा ठोकला नव्हता, म्हणून पोचा जसाच्या तसा होता. माणूस आदळला की पत्रा पसरट बसतो, हे चुंबकशेठना धंद्यानं शिकवलेलं. इथे वरून खाली एक सरळ, धारदार घडी होती. खांबाची कड. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

त्यांना इतकं हायसं वाटलं की ते खालीच बसले. "खांबच आहे," ते म्हणाले.

"मी तेच सांगत होते," मुलगी म्हणाली. तिच्या पापण्यांवर भुकटी होती. "मी मामाकडे का गेले विचारलंत ना? घरी सांगितलं असतं तरी तुम्ही हेच केलं असतं."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. माइक हातात आल्यावर चुंबकशेठनी आधी पालकांच्या रांगांकडे बघितलं. मग म्हणाले, "मुलांनो, तुम्ही बाहेर गेलात तरी चालेल. आज मला तुमच्या आईबापांशी बोलायचंय." मागून कोणीतरी कुजबुजलं, आता काढणार हा गॅरेजची जाहिरात. त्यांनी कालची हकिगत सांगितली. ग्राइंडरसकट, काही न वगळता. "पोरीनं खरं सांगितलं होतं," ते म्हणाले, "आणि मला ते पत्र्याला विचारावं लागलं. लाज वाटते मला." फायदा विचारणारे ते प्राचार्य याच कॉलेजचे; त्यांनीही चष्मा काढून पुसला. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती.

परत जाताना गाडी तिनंच चालवली. ते शेजारी बसले, एकदाही ब्रेक म्हणाले नाहीत. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं,

"यापुढे काही झालं, लहान का मोठं, तर मला सांगशील ना?"

तिनं आरशात मागची गाडी बघितली, समोरचा दिवा बघितला.

"बघू," ती म्हणाली, आणि गिअर टाकला.