मेईने सांगितलेला कौल

कौलाचे दोन लाकडी ठोकळे फरशीवर पडले आणि दोन्हींच्या फुगीर पाठी वर आल्या. म्हणजे नाही. मेईने ते झटकन उचलून मुठीत धरले आणि म्हणाली, "हो आलं, सुमन. दिलीप परत येतो."

बाहेर वादळ होतं. माझा मुलगा दिलीप आणि तिचा मुलगा स्टीफन एकाच टगवर, जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी होते आणि सकाळपासून टगचा वायरलेस बंद होता. ऑफिसात फोन केला की थांबा म्हणत. म्हणून आम्ही दोघी माझगावच्या चिनी देवळात समुद्रदेवीपुढे बसलो होतो. मेईला वाटलं, मला ठोकळ्यांतलं काय कळतंय. पण त्या देवळात मी बारा वर्षं झाडू मारत होते. एकाची सपाट बाजू वर आणि दुसऱ्याची पाठ, तर हो. दोन्ही पाठी वर, तर नाही. एवढं समजायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही.

त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. आता मेई जाऊन पाच आठवडे झाले. तिच्या पार्लरमधली मुलगी सांगायला आली तेव्हा मी भाकऱ्या करत होते. तव्यावरची उतरवली, गॅस बंद केला आणि गेले. मेईचा आजा चीनहून बोटीने आलेला, पण ती जन्मली माझगावातच. देवळाची किल्ली तिच्याकडे. सकाळी देवीचा दिवा लावायचा, उदबत्त्या लावायच्या, मग पार्लर उघडायचं. मराठी माझ्याइतकीच बोलायची, शिव्या माझ्याहून जास्त द्यायची. आमच्या गावी गुरव देवाला तांदूळ चिकटवून कौल घेतो, उजवा पडला तर बरं, डावा पडला तर आम्ही पुन्हा गाऱ्हाणं घालतो, असं मी तिला सांगितलं होतं. ती हसली. म्हणाली, "तुम्ही मालवणी लोक देवाशीपण भांडता गं." मी म्हटलं, भांडल्याशिवाय त्याला कळणार कसं?

वादळाच्या त्या दुपारी मात्र मी भांडले नाही... पुन्हा टाक, असंही म्हटलं नाही. आता स्टीफनचं विचार, एवढंच म्हणाले. तिने ठोकळे लाल फडक्यात बांधून टाकले.

"नाही विचारत. विचारलं नाही, तोवर तो आहे."

मग दोन दिवस आम्ही माझ्या खोलीत फोनजवळ बसून होतो. मी जेवले. तिच्या खोट्यावर जेवतेय, हे घास तोंडात असताना ठाऊक होतं. ती पाण्याशिवाय काही घेईना. घंटी वाजली की माझा हात फोनकडे जायचा आणि ती भिंतीकडे तोंड करायची.

पुढे तिने कोणासाठीही ठोकळे टाकले नाहीत. कोणी विचारायला आलं, तर उदबत्ती लावा आणि घरी जा म्हणायची. मी झाडू मारायचं सोडलं नाही. शेवटच्या आजारात मी तिला पेज भरवत होते, तेव्हा एकदा म्हणाली, "सुमन, त्या दिवशी..." आणि थांबली.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "पेज पी."

ती प्याली.

त्या टगवर सहा माणसं होती. दोघे जगले. एक रत्नागिरीचा इंजिनवाला आणि दुसरा मेईचा स्टीफन. माझा दिलीप नाही.