कोळशाच्या खाणीतून कोथरूडच्या बैठकीला

शोभाताई, अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकले असेल, सांभाळून घे. चौथीनंतर पेन हातात आले ते सहीपुरतेच. पण पुण्याहून आल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

आमच्या उघड्या खाणीच्या काठावर बचत गटाची कॅन्टीन आहे. पाळी बदलताना डंपरवाले तिथे चहाला थांबतात. हेही डंपरच चालवतात. त्या थांबण्यात अर्धा तास फुकट जातो, कॅन्टीन बंद करा, असे काम सुधारायला नेमलेल्या पुण्याच्या कंपनीने सुचवले. बैठकीला गटाची एक बाई हवी होती. अध्यक्षबाईंच्या घरी लग्न निघाले, म्हणून मी गेले. सोबत शिफ्टचे बोबडे साहेब. गाडीत त्यांनी एकच बजावले, "तुम्ही फक्त बसाचं."

रिक्षावाल्याने कोथरूडला भलत्याच सोसायटीसमोर उतरवले. एका गृहस्थांना पत्ता विचारला.

"अहो, इमारत तुमच्या पाठीमागे आहे. ती वळणार नाही, तुम्हीच वळा."

सकाळी पोहे खाल्ले. वर तर्री नाही, खोबरे आणि चक्क साखर. अमृततुल्यमध्ये (चहाच्या दुकानाला इथे असे म्हणतात) इवल्या कपात चहा मिळाला. डंपरवाल्यांना असा कप दिला तर उरलेला कुठे म्हणून विचारतील.

बैठकीची खोली थंडगार. एका तरुण मॅडमनी भिंतीवर आमचीच खाण दाखवली. डंपर उभे, माणसे बोलत उभी. "या गप्पांचा वेळ वाचवायचाय," त्या म्हणाल्या.

"त्या गप्पा नाहीत," मी म्हणाले. आवाज माझाच होता. "कोणत्या गाडीचा ब्रेक ओढतो, कुठला रस्ता खचलाय, ते उतरणारा चढणाऱ्याला सांगतो."

"ते वहीत लिहितात ना?"

"वहीत 'ठीक' लिहितात. खराबी लिहिली तर गाडी उभी राहते, त्या दिवसाचा भत्ता जातो."

मॅडमनी ते टिपून घेतले. तेव्हा कळले, साऱ्यांची चोरी मी साहेबांदेखत सांगून बसले. त्यात हेही आलेच.

परतताना एका जागी बसवेना. वर्ध्याला साहेबांनी लागोपाठ दोन चहा घेतले. मग म्हणाले, "त्या वहीवर रोज मीच सही करतो, ताई." एवढेच.

घरी हे म्हणाले, "तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?" आणि डबा न घेताच पाळीला गेले.

पुढे हुकूम आला. कॅन्टीन राहील, चहा मात्र खाली खाणीत, डंपरवाले पाळी बदलतात तिथे न्यायचा. खराबी लिहिणाऱ्याचा भत्ता कापायचा नाही. आठवडाभर तरी सगळ्यांनी 'ठीक'च लिहिले. मग यांनी लिहिले, 'डावा ब्रेक ओढते.' गाडी उभी राहिली, आणि महिनाअखेर भत्ता कापूनच आला. यांनी पगाराचा कागद माझ्यासमोर ठेवला.

मी साहेबांच्या ऑफिसात गेले. पुण्याला मला नेले होते, इथे आपली आपण गेले. साहेबांनी पगाराचा कागद पाहिला, कपाळाला हात लावला आणि माझ्यासमोरच पगाराच्या ऑफिसला फोन केला.

काल यांचा कापलेला भत्ता पूर्ण परत मिळाला.